न म्हटलेलं आमेन

"रिकामा पाळणा हलवू नये, एवढंसुद्धा तुमच्यात कुणी सांगत नाही काय गं?" अंबुबाईंनी दारातूनच विचारलं.

सकवारबाई स्टुलावर उभी होती. छताच्या कडीत तिनं नुकताच पाळणा अडकवला होता आणि दोर नीट बसला की नाही ते बघायला त्याला जरासा झोका दिला होता. तेवढ्यात ही बाई दारात हजर. बंगलोरच्या चामराजपेटेतल्या त्या घराच्या पुढच्या भागात अंबुबाई आणि त्यांचं शिलाई मशीन राहायचं, मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं सकवारबाई आणि तिचा नवरा शांतवन. मधे चौक. चौकात कुणी शिंकलं तरी अंबुबाईंना कळे, आणि अंबुबाईंना कळलं की साऱ्या पेटेला कळे, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. घराणं शिंप्याचं. आपले पूर्वज शहाजीराजांचे तंबू शिवायला इकडे आले असं त्या सांगत. खरंखोटं त्या तंबूंनाच ठाऊक. पण बाई मनानं चांगली होती, हे मात्र कुणीही सांगितलं असतं.

सकवारबाई खाली उतरली आणि तिनं दरवर्षीचंच उत्तर दिलं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तिचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात उपदेशक होते, टाळमृदंग घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन करायचे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ते घराच्या मधोमध पाळणा टांगत आणि नाताळच्या सकाळपर्यंत तो रिकामा ठेवत. येणाऱ्याची जागा आधी करायची आणि मग वाट बघायची, असं त्यांचं म्हणणं. नाताळच्या सकाळी सगळे जमून बाळ येशूचा पाळणा म्हणायचे. नगर सुटलं, शांतवनला बंगलोरच्या विमान कारखान्यात फिटरची नोकरी लागली, पण तिनं ही एक रीत सोडली नाही.

"तुझ्या बापाच्या घरात पोरं होती. त्यांचं चाललं," अंबुबाई म्हणाल्या. "तुझ्या लग्नाला किती वर्षं झाली? आणि तू आपल्या हातानं रिकामा पाळणा टांगून बसतीस. स्वल्प विचार कर की, सकवार."

बोलणं मायेचंच होतं, पण लागायचं ते लागलं. चाळिशी जवळ आली होती आणि घरात मूल नव्हतं. त्यातून नोकरी म्हणाल तर कॅन्टोन्मेंटकडच्या मिशनच्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात आयाची. दिवसभर दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालायची, गुंडाळायची आणि दाराशी ताटकळलेल्या आज्यांच्या हातात द्यायची. आज्या तिच्या तळहातावर साखर ठेवायच्या. ती साखर ती हसून खाई. मनातून कधी वाईट वाटलं नाही असं म्हणणारा खोटारडा ठरेल.

हे अठ्ठावन्न सालचं. त्याच आठवड्यात इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरमिसनं तिला खोलीत बोलावलं. वॉर्डात अहल्या नावाची एक तरुण बाई बाळंत झाली होती. के. आर. पुरमकडची, आपल्यातलीच, मराठी बोलणारी. नवरा रेल्वेत होता, तो क्षयानं गेला, आणि जाताना ते दुखणं हिला देऊन गेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून हात झटकले. तुमकूरला भाऊ होता, पण त्याच्या बायकोनं दुखण्याच्या धास्तीनं दार लावून घेतलं. अहल्येला गावाबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात हलवायचं होतं आणि तान्ह्या मुलीला तिच्याजवळ ठेवणं शक्य नव्हतं. सकवारबाई, तू सांभाळशील का, असं मिसनं विचारलं. मग आवाज खाली आणून सांगितलं की आई बहुधा वाचायची नाही. नाही वाचली तर मूल तुमचंच, कागदपत्रांचं मी बघीन.

सकवारबाईनं नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. मूल छातीशी धरलं आणि बसमध्ये चढली.

पोरगी एवढीशी होती. डोक्यावर जावळ दाट आणि नाक कायम फेंदारलेलं, कुणाचा तरी राग आल्यासारखं. पाळण्यात घातली तर पाळण्याचा कोपराही भरला नाही. संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून शांतवन घरी आला, पाळण्यात डोकावला आणि चपला पायात तशाच ठेवून बराच वेळ उभा राहिला. अंबुबाईंनी तर शास्त्रच उलटं फिरवलं. रिकामा पाळणा हलवलास म्हणून तर देवानं भरला, मी म्हणत नव्हते काय, असं त्या चौकात येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागल्या. पोरीला त्यांनी पुट्टी म्हटलं. कानडीत चिमुरडीला म्हणतात तसं. मग सगळेच पुट्टी म्हणू लागले.

सकवारबाईला तिचं खरं नाव ठेवायचं होतं. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन रीतसर ठेवायचं. शांतवन सहसा तिला नाही म्हणत नसे, त्या दिवशी म्हणाला. आई जिवंत आहे तोवर नाव ठेवायचा हक्क आईचा, आपण राखणदार. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण नाव राहिलंच.

आता त्यांच्या घरच्या प्रार्थनेची रीत सांगायला हवी. रविवारी देवळात सगळं कानडीतून चाले. शांतवन गीतं देवनागरीत लिहून नेई आणि मोठ्यानं चुकीची म्हणे. पण घरातली संध्याकाळची प्रार्थना मराठीतून, आणि ती सकवारबाईच्या वडिलांच्या पद्धतीनं. शांतवन डोळे मिटून एकेका माणसाला नावानिशी देवापुढं ठेवायचा आणि थांबायचा. सकवारबाईनं "आमेन" म्हटलं की पुढचं नाव. नगरची म्हातारी आई झाली, भाऊ झाले, कारखान्यातला फोरमन झाला, गुडघेदुखीसकट अंबुबाई झाल्या. प्रार्थना लांबलचक व्हायची आणि तोवर चुलीवरचा भात हमखास लागायचा.

पुट्टी आली त्या संध्याकाळी शांतवननं यादीत एक नाव वाढवलं. "प्रभू, अहल्येला बरं कर. तिची लेक तिच्या हाती दे," असं म्हणाला आणि थांबला.

सकवारबाईनं आमेन म्हटलं नाही. पाळण्यात पुट्टी चुळबुळत होती. अहल्या बरी व्हावी म्हणजे काय व्हावं, हे तिला चांगलं समजत होतं. ती मरावी असं ती मागत नव्हती, तेवढी ती वाईट नव्हती. पण ती जगावी याला आमेन म्हणायचं म्हणजे पाळणा आपल्या हातानं रिकामा करायचा. शांतवननं जरा वाट बघितली. मग तो पुढच्या नावाकडे वळला. विषय त्यानं काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. पण रोज संध्याकाळी तो ते नाव घेई, रोज तिथं थांबे, आणि रोज तिथं काहीच ऐकू येत नसे.

मग वर्ष गेलं. दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असतं तसंच, पण सकवारबाईला त्यातला दिवस अन् दिवस प्रसादासारखा वाटला. ती कामावर गेली की पुट्टी अंबुबाईंच्या मशीनपाशी चिंध्यांच्या ढिगात लोळायची. पहिला दात आला तो अंबुबाईंच्या बोटाला चावूनच कळला. शांतवननं ॲल्युमिनियमच्या तुकड्याचा खुळखुळा करून आणला, तो इतका वाजे की मागच्या गल्लीतल्या पेन्शनर नरसिंहरावांनी निरोप पाठवला. रागीची, म्हणजे नाचणीची, पेज गुळाशिवाय पोटात जाईना. अंगावर झोपायची तर उजव्याच खांद्यावर, डाव्या खांद्यावर टाकली की डोळे टक्क उघडे. सकवारबाईच्या कुठल्याही लुगड्याचा उजवा खांदा कोरडा म्हणून राहिला नाही. पोरगी रांगली, धरून उभी राहिली, आणि एके दिवशी तिच्याकडे बघून "आ" म्हणाली. पुढचं अक्षर सकवारबाईनं आपल्या मनानं जोडून घेतलं.

देवाचे उपकार ती उठता बसता मानायची. फक्त ते एक आमेन राहिलं होतं.

आणि अहल्या काही मरेना. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण सकवारबाईच्या मनात ते याच शब्दांत यायचं आणि मग ती स्वतःच्या तोंडावर पाणी मारायची. नवी इंजेक्शनं निघाली होती, ती लागू पडली. पावसाळ्यात मिसकडून निरोप आला की अहल्येच्या थुंकीत आता रोग दिसत नाही, तिला मूल लांबून बघायचं आहे, झाडाखाली उभं राहून दाखवून आणा. सकवारबाईनं कळवलं, पुट्टीला सर्दी आहे. महिन्याभरानं पुन्हा निरोप आला. दात येताहेत, अंग तापलंय. तिसऱ्या निरोपाला तिनं उत्तरच दिलं नाही. शांतवन तेव्हा एवढंच म्हणाला, "बघ बाई. तुझं तुला कळतं."

पुन्हा आगमनकाळ आला. या वर्षी पाळणा टांगायचा प्रश्नच नव्हता, तो वर्षभर खालीच आला नव्हता. पहिल्या रविवारी देवळात पाळकांनी येणाऱ्यासाठी वाट तयार करा यावर उपदेश केला. जो येणार तो तुमच्या सोयीनं येत नसतो, असं काहीतरी ते कानडीतून म्हणाले. सकवारबाईला तेवढं कानडी येत होतं. दुसऱ्या दिवशी मिसनं सांगितलं की अहल्या बरी झाली. नाताळच्या सुमाराला तिला सोडतील. भावाची बायको तयार झालीय, भाऊ न्यायला येईल, दोघी तुमकूरला जातील.

घरी येऊन सकवारबाईनं पुट्टीला इतकं घट्ट धरलं की पोरगी ओरडली. रात्रभर डोक्यात एकच. सकाळी उठली ती ठरवूनच. अहल्येला जाऊन भेटायचं आणि पोर मागून घ्यायची. तू अशक्त, भावाचं घर झालं तरी ते भावजयीचं, तिथं तुमच्या दोघींच्या ताटात काय पडणार? आमच्याकडे पगार आहे, माया आहे. तू अजून तरुण आहेस. हे सगळं कसं बोलायचं ते तिनं भांडी घासताना दोनतीनदा घोकलं. शांतवनला ती म्हणाली, "मी मागणार आहे तिला. मला अडवू नका."

शांतवन म्हणाला, "नाही अडवत. पण पुट्टीला घेऊन जा."

"नाही. आधी बोलणं होऊ दे," ती म्हणाली, आणि पुट्टीला अंबुबाईंकडे सोडून एकटीच गेली.

क्षयाचं इस्पितळ गावापासून लांब, निलगिरीच्या झाडीत होतं. बसनं सोडल्यावर बरंच चालावं लागे. अहल्या ओसरीत खाटेवर बसली होती. सकवारबाईनं तिला वर्षापूर्वी बघितली होती तेव्हा हाडांचा सापळा होती. आता गालावर रंग होता, केस चापून विंचरलेले होते. कोण आलंय ते नर्सनं सांगताच ती उठली आणि आयाच्या पायांवर डोकं ठेवून तिथंच राहिली. तिला उठवता उठवता सकवारबाईच्या घोकलेल्या बोलण्यातलं अर्धं सांडलं.

अहल्येनं उशीखालून एक टोपडं काढलं. इस्पितळात जुन्या चादरी फाडून शिवण शिकवायचे, त्यातलं पांढरं कापड. कडेनं लाल दोऱ्यानं बारीक वेल घातली होती आणि दोन नाड्या. काम सुबक होतं. पण टोपडं होतं मुठीएवढं. पुट्टीच्या डोक्यावर ते बशी ठेवल्यासारखं बसलं असतं.

"वर्षभर शिवत होते, अक्का. पहिलं बिघडलं, उसवलं, परत केलं," अहल्या म्हणाली. "बरोबर होईल ना? एवढीच होती ना ती?" तिनं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "माझ्या डोळ्यापुढं ती तेवढीच आहे."

झाडाखाली उभं राहून एकदा जरी पोर दाखवली असती तर या बाईनं टोपडं मापाचं शिवलं असतं. तीन वेळा बोलावलं होतं तिनं. सर्दी, दात, आणि तिसऱ्या वेळी उत्तरच नाही.

ती खाटेच्या कडेवर बसली आणि सांगायला लागली. दात किती आले, रांगायला कशी लागली, रागी कशी खाते, खुळखुळ्यावरून नरसिंहराव कसे चिडले. अहल्या तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सकवारबाई मागायला आली होती ते राहिलं आणि देतच सुटली. मग अहल्येनं विचारलं, "नाव काय ठेवलंत तिचं?"

"पुट्टी म्हणतो. नाव नाही ठेवलं. ते तुझं काम."

"डॉक्टर, नर्सा, माझा भाऊ, सगळ्यांनी मला मेलेली धरली होती," अहल्या म्हणाली. "मीसुद्धा. आणि तुम्ही नाव ठेवायचं थांबलात. मी जगणार, असं धरून चालणारी तुम्ही एकटीच, अक्का."

ज्या सकवारबाईनं वर्षभर त्या जगण्याला एक आमेन म्हटलं नव्हतं, तिचे या पोरीनं असे उपकार मानावेत! नाव थांबवलं शांतवननं, प्रार्थना केली शांतवननं. तिला वाटलं, भुई दुभंगेल तर बरं. मागायचं तिनं सोडूनच दिलं. उठताना ती फक्त म्हणाली, "टोपडं दे माझ्याकडे. स्वल्प सैल करावं लागेल."

संध्याकाळी प्रार्थना झाली. आई, भाऊ, फोरमन, अंबुबाई. मग शांतवन म्हणाला, "प्रभू, अहल्येला बरं कर. तिची लेक तिच्या हाती दे." आणि सवयीनं थांबला, थांबून पुढं जायला तोंड उघडलं.

"आमेन," सकवारबाई म्हणाली.

शांतवनला पुढचं नाव आठवेना. बराच वेळ त्यानं आठवून बघितलं आणि मग नुसतंच नाक ओढून प्रार्थना संपवली. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरात इतकी छोटी प्रार्थना झाली नव्हती. त्या दिवशी भात लागला नाही.

टोपडं अंबुबाईंनी हातात घेऊन उलटंपालटं केलं, कुणी शिवलं ते ऐकलं आणि डोळ्यांना चष्मा लावला. मधोमध उसवून दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या, लाल वेल मात्र तुटू दिली नाही. शिंप्याच्या घरात कापड कमी पडलं म्हणून कुणाचं डोकं उघडं राहत नाही, असं म्हणून त्यांनी दोरा दातानं तोडला.

पोर एकदम परक्या बाईच्या हातात देता येत नाही, हे वॉर्डातल्या आयाला कुणी सांगावं लागत नाही. मूल देताना घेणारीचा हात मानेखाली नीट गेला की मगच आपला हात काढायचा. सकवारबाईनं मिसला सांगून अहल्येला नाताळच्या आधीचे आठदहा दिवस आपल्या घरीच आणलं. पुट्टी तिला बघून किंचाळली आणि सकवारबाईच्या मानेला मिठी मारून बसली. अहल्येचं तोंड एवढंसं झालं.

"अशीच असते," सकवारबाई म्हणाली. "तू नको रडू. तू रडलीस की ती जास्त रडेल." मग एकेक करून तिनं सगळं शिकवलं. गूळ किती घालायचा, पाठीवर कसं थोपटायचं, उजवा खांदा. आणि शिकवून झालं की ती घरातून बाहेर पडायची. वॉर्डात उशिरापर्यंत थांबायची, नको ती कपाटं पुसायची. घरी आली तरी मागं न जाता पुढं अंबुबाईंच्या पायरीवर बसायची. मागून पुट्टीचं रडणं ऐकू यायचं. "आ, आ" करून ती कुणाला हाका मारतेय हे तिघींनाही ठाऊक होतं. एका दुपारी रडणं थांबेचना. सकवारबाई दोनदा उठली आणि दोनदा बसली. अंबुबाईंनी तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि सुईखाली कापडाचा तुकडासुद्धा नसताना पाय मारायला सुरुवात केली. मशीन धडधडत राहिलं. मागचं काही ऐकू येईनासं झालं.

हळूहळू रडणं कमी झालं. मग पुट्टीनं अहल्येच्या हातची पेज खाल्ली. मग तिच्या बांगडीशी खेळली. सकवारबाई रोज विचारायची, आज किती रडली, आणि कमी ऐकलं की तिला बरंही वाटायचं आणि आतून काहीतरी तुटायचंही. अहल्येनं नाव सुचवायला सांगितलं, तर तिनं नको म्हणून मान हलवली. शेवटी अहल्येनं सुलभा ठरवलं, नवऱ्याच्या मनात होतं म्हणून. चांगलं आहे, असं सकवारबाई म्हणाली आणि स्वतः मात्र पुट्टी म्हणूनच हाक मारत राहिली.

चौथ्या रविवारी देवळात उपकारस्तुती होती. ज्याला देवाचे आभार मानायचे त्यानं उठून बोलायचं. कुणाला नोकरी लागली होती, कुणाचा ताप उतरला होता. सकवारबाई त्या कानडी मंडळींत इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. ती उठली, आणि मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाली की आमच्या घरी वर्षभर मूल होतं. मूल आजारी न पडता वाढलं. त्याची आई बरी होऊन आली. एवढं बोलून ती उभीच राहिली, आणखी काही सांगायचं असावं तशी. मग बसली. शांतवननं इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले.

नाताळच्या दोन दिवस आधी अहल्येचा भाऊ आला. बिंदुमाधव नावाचा, तुमकूरला प्राथमिक शाळेत मास्तर. माणूस गरीब स्वभावाचा, डोळे वर उचलून बोलत नव्हता. आमचं चुकलं, असं त्यानं चहा पिताना दोनदा म्हटलं. शांतवन त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, चुकलं नसतंत तर आमच्या घरी कोण आलं असतं? अंबुबाईंनी फराळाचा डबा बांधला, पुट्टीला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचं बोट लावलं, आणि स्टेशनवर यायला साफ नकार दिला. गुडघा दुखतो म्हणाल्या.

सिटी स्टेशनवर सकाळची गाडी लागली होती. नाताळच्या सुट्टीची गर्दी. शांतवननं ट्रंक आत ढकलली आणि खिडकीजवळची जागा धरली. अहल्या पुट्टीला घेऊन फलाटावर उभी होती. लाल वेलीचं टोपडं डोक्यावर नीट बसलं होतं. पहाटे लवकर उठवलेली पोर टांग्यातच पेंगुळली होती. ती आता अहल्येच्या उजव्या खांद्यावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. एक हात खाली लोंबत होता.

अहल्या वाकायला गेली, सकवारबाईनं तिला दंडाला धरून थांबवलं. पोर हलली असती. सुट्टीत घेऊन येईन, असं अहल्या म्हणाली. येशील, सकवारबाई म्हणाली. दोघींनाही येणं जाणं किती होतं ते कळत होतं, तरी बोलणं खोटं नव्हतं.

गार्डानं शिट्टी दिली. अहल्या आत जाऊन खिडकीशी बसली. इतका वेळ हमालासारखा धावपळ करणारा शांतवन एकदम खिडकीशी गेला आणि गजांतून हात आत घातला. "जरा उठवा हो तिला," तो म्हणाला. "एकदा बघू दे आमच्याकडे. निदान सकवारकडे तरी."

अहल्या पोरीला हलवणार, एवढ्यात सकवारबाईनं त्याचा हात धरला.

"उठवू नका," ती म्हणाली. "झोपू दे. परक्याच्या खांद्यावर मूल असं झोपत नाही."

गाडी हलली. खिडकीतून अहल्येचा हात बराच वेळ दिसत होता. पुट्टी शेवटपर्यंत उठली नाही. सकवारबाईनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. ती उठली नाही, याचे.

मग तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं. शांतवन भर फलाटावर तोंड वाकडं करून लहान पोरासारखा रडत होता आणि ते रडं लपवायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. सकवारबाईच्या उजव्या खांद्यावर पोरीची लाळ पुसायचं फडकं तसंच राहून गेलं होतं. ते तिनं काढलं, दोन घड्या मोडल्या आणि त्याच्या हातात दिलं.